सहाशे बारा माणसांची डिरेक्टरी

२ फेब्रुवारी, सोमवार

अठरा वर्षांनी मला कुणीतरी प्रोग्राम लिहायला सांगितला. इतकी वर्षं मी या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात अहवाल छापते, तक्रारी लिहून घेते आणि इतरांनी लिहिलेल्या प्रोग्रामना नावं ठेवते. आज साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण आधी 'बसा' म्हणतात, तेवढं आहे.

हॉस्पिटलमधल्या प्रत्येक माणसाची नोंद ठेवणारा एक सर्व्हर आमच्याकडे आहे. त्याला डिरेक्टरी म्हणतात. नाव, विभाग, फोन, कुठे शिरायची परवानगी आहे, सगळं त्यात. ज्या कंपनीनं तो दिला ती बंद पडली, आणि परवाना अठ्ठावीस मार्चला संपतो. त्यानंतर तो कुणालाच ओळखणार नाही. डॉक्टरांचा कॉम्प्युटर उघडणार नाही, फोनवर नाव टाकून नंबर शोधता येणार नाही, औषधांच्या खोलीचं दार उघडणार नाही. कारण 'हा माणूस कोण?' एवढंच विचारायला ही सगळी यंत्रं त्या एकाच्याच दारात जातात.

"नवा सर्व्हर आपणच लिहू," साहेब म्हणाले. "एक चांगली लायब्ररी आहे. तिच्यातून सर्व्हरही बांधता येतो आणि त्याला प्रश्न विचारणारे क्लायंटही. तुम्ही पूर्वी लिहायचात ना, मॅडम?"

मी हो म्हटलं. तोंडातून गेलं. बाकीचे सगळे कामात गुंतलेत, मी एकटी मोकळी, म्हणून माझ्या गळ्यात पडलं असणार. वही घातली आहे, रोजचं लिहीन. निदान कुठे चुकलं ते नंतर सापडेल.

५ फेब्रुवारी, गुरुवार

ह्यांना सांगितलं, सध्या लायब्ररी शिकतेय. "ऑफिसात वाचायला वेळ मिळतो? छान आहे," म्हणाले.

हे तीस वर्षं लेथवर होते. मागच्या वर्षी निवृत्त झाले आणि तेव्हापासून घरातला एकही स्क्रू सैल राहिलेला नाही. मी समजावलं की ही पुस्तकांची लायब्ररी नव्हे. दुसऱ्यांनी आधीच करून ठेवलेले प्रोग्रामचे भाग असतात, आपण ते जोडून आपलं यंत्र उभं करायचं.

"म्हणजे नट-बोल्ट आयते. आटे आपण पाडायचे नाहीत."

अगदी तेच. तीन दिवस मी ज्या पानांवर डोकं आपटत होते त्यात आटेच होते. यंत्रं एकमेकांशी बोलताना प्रत्येक गोष्ट आधी प्रकार, मग लांबी, मग मजकूर अशी बांधून पाठवतात. ती गाठोडी बांधणं-सोडणं लायब्ररी करते. 'अमुक माणूस शोधा' असं कुणी विचारलं की ती माझ्याकडे येते, आणि उत्तर काय द्यायचं तेवढं मी लिहायचं. हे कळल्यावर आज पहिल्यांदा नीट जेवले.

९ फेब्रुवारी, सोमवार

पहिला क्लायंट चालला! सात ओळींचा. जोडणी कर, ओळख पटव, शोध, बंद कर. जुन्या सर्व्हरला मी माझंच नाव विचारलं. उत्तर आलं: जुनी इमारत, अभिलेख कक्ष. अरे बाबा, आमचा विभाग या नव्या इमारतीत येऊन वर्ष झालं!

मग सगळ्याच नोंदी उतरवून घेतल्या आणि हात टेकले. सातशे नव्वद माणसं. त्यातले कितीतरी निवृत्त, दोघे तर जगातच नाहीत, आणि नव्या इमारतीचा एकही फोन नंबर बरोबर नाही. सर्व्हर कितीही चांगला लिहिला तरी पोटात हा कचरा घालून काय उपयोग? खरी माहिती कुणाकडे आहे म्हणून पाच विभागांत फिरले. पाचही ठिकाणी एकच उत्तर: "बोर्डबाईंना विचारा."

बोर्डबाई म्हणजे आमच्या समोरच्या खोलीतल्या टेलिफोन ऑपरेटर. एकतीस वर्षं बोर्डावर. वर्षभर समोरासमोर बसतो, पण नमस्कारापलीकडे बोलणं नाही. कॉरिडॉरमध्ये मी हसले तर सरळ पुढे निघून जातात. शिष्ट आहेत.

११ फेब्रुवारी, बुधवार

गेले होते. खोलीत एक खुर्ची, एक टेबल, बोर्ड, आणि बाई. ताठ बसलेल्या, कानांवर हेडफोन. त्यांच्याकडे लाल पुठ्ठ्याचं एक रजिस्टर आहे, त्यात सगळ्यांचे नंबर आहेत असं सगळे सांगतात.

"रजिस्टर मिळणार नाही," म्हणाल्या.

"दोन दिवसांसाठी. किंवा इथेच बसून उतरवून घेते."

"नाही म्हटलं ना, ताई. ते हलत नाही इथून."

आणि रजिस्टरवर हात ठेवला, जसं काही मी ओढूनच घेणार होते. तेवढ्यात एक बाप्या चिठ्ठी घेऊन आला, अमक्या डॉक्टरांना फोन लावून द्या म्हणाला. यांनी चिठ्ठी हातातही घेतली नाही. "वाचा मोठ्यानं," म्हणाल्या. बिचाऱ्यानं शाळेतल्यासारखं वाचून दाखवलं. केवढी ती मिजास! त्या फोनवर असताना मी रजिस्टरचं कव्हर हळूच उचलून शेवटचं पान पाहिलं. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची. बोटाला धूळ लागली. दोन वर्षं वहीत अक्षर नाही आणि हा थाट.

साहेबांकडे तक्रार केली. ते म्हणाले, "रजिस्टरचं सोडा, मॅडम. त्यांनाच विचारा." त्यांनी तरी माझी बाजू घ्यायला हवी होती.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बोर्डबाईंनी स्वतः निरोप पाठवला. जेवणाच्या सुट्टीत या, सांगते. रजिस्टर नाही, तोंडी.

आज वीस जण झाले. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले आणि बाई समोरच्या भिंतीकडे बघत सांगत होत्या. तीन एक शून्य चार, हाडांचे मोठे डॉक्टर, दुपारी चारनंतर उचलत नाहीत, तेव्हा त्यांच्या सिस्टरला लावायचं. तीन एक शून्य सात, क्ष-किरण, उचलतात आणि गप्प राहतात, आपणच बोलायला सुरुवात करायची. मी म्हटलं, फक्त नंबर सांगा. त्या म्हणाल्या, "नुसत्या नंबरानं माणूस सापडतो का?"

संध्याकाळी बसून विचार केला. लायब्ररीत प्रत्येक नोंदीला आपल्याला हवा तो रकाना जोडता येतो. एक जोडला. 'टीप'.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

एकशे तीस झाले. या बाई एकदाही चुकत नाहीत. मी लपूनछपून दहा नंबर फिरवून पाहिले, दहाच्या दहा बरोबर. रोज शेवटी म्हणतात, "आता वाचून दाखवा." मी वाचते, त्या डोळे मिटून ऐकतात. स्क्रीन त्यांच्याकडे वळवली होती, नको म्हणाल्या.

आज मी दारात पाऊल टाकलं आणि तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "चप्पल नवी घेतली?" खरंच कालच घेतली आहे. त्यांनी मान वळवलीसुद्धा नव्हती. मला हसू आलं. बाई वाटल्या तितक्या रुक्ष नाहीत.

नेत्रविभाग राहिलाय हं, अशी मी आठवण केली. "ते नंतर," म्हणाल्या.

२२ फेब्रुवारी, रविवार

घरी लॅपटॉपवर नवा सर्व्हर चालवून पाहिला. शोधायला येतं, ओळख पटवायला येतं, खोटा पासवर्ड दिला की हाकलतो. मी इतकी खूश की ह्यांना हाक मारली. "अहो, या, आत शिरून दाखवा."

ह्यांनी तीनदा चुकीचे शब्द टाकून पाहिले, तीनदा नकार. मग काही न लिहिता नुसतं बटण दाबलं.

"घेतलं की गं आत."

"काय टाकलंत?"

"काहीच नाही."

पुन्हा पाहिलं. नाव दिलं आणि पासवर्डची जागा रिकामी सोडली तर सर्व्हर म्हणतो, या! शोधलं तर कळलं की ही या कामातली जुनी, प्रसिद्ध चूक आहे. नियमांत रिकाम्या पासवर्डचा अर्थ 'कुणीतरी निनावी माणूस आलाय' असा धरतात आणि त्याला होकार देतात, आणि विचारणाऱ्या यंत्राला वाटतं माणूस खरा आहे. औषधांच्या खोलीचं दार कुणीही नुसतं बटण दाबून उघडलं असतं. लायब्ररीचा दोष नाही. तिनं विचारलं होतं, मी उत्तर देताना तपासलं नाही.

रिकामा पासवर्ड दिसताच हाकलायचं, अशी ओळ घातली. हे दिवसभर शेजाऱ्यांना सांगत होते, "हॉस्पिटलचं कुलूप मी तपासलं."

३ मार्च, मंगळवार

लिहायला विशेष नाही. सकाळी आठ ते पाच प्रोग्राम लिहिला, उठले तेव्हा पाठ धरली होती आणि मी गुणगुणत होते. मला हे काम आवडतं हे मी विसरूनच गेले होते. अठरा वर्षं कुणी विचारलं नाही हे खरं, पण मी तरी कुठे मागितलं?

१२ मार्च, गुरुवार

सांगून संपलं. सहाशे बारा. एकाही कागदाकडे न बघता. "एवढं कसं लक्षात राहतं हो?" असं विचारलं तर म्हणाल्या, "ठेवावं लागतं." नेत्रविभाग तेवढा शेवटपर्यंत सांगितला नाही. मी स्वतः तिथे जाऊन लिहून आणला. काहीतरी भांडण झालं असेल त्यांचं, आपल्याला काय करायचंय.

जाताना विचारलं, "हे तुमचं यंत्र चालू झालं की लोक थेट नावानं शोधणार ना? मग बोर्ड कशाला?"

मी म्हटलं, बाहेरून येणारे फोन आहेतच की. त्या 'हं' म्हणाल्या. मला वाईट वाटलं. मी आधी हा विचारच केला नव्हता.

१७ मार्च, मंगळवार

सर्दी. रजा.

२९ मार्च, रविवार

काल परवाना संपला, आज नवा सर्व्हर लावला. जुना आता कुणालाही विचारा, नकारच देतो, परतीची वाट बंद. तीसएक कॉम्प्युटर चालू होते, वॉर्डातले काही फोन, औषधांच्या खोलीचं दार. सगळं सुरळीत. साहेब सुट्टीचा दिवस असून आले होते. "मॅडम, उद्या सकाळी खरी परीक्षा," म्हणाले. मी म्हटलं, होऊ दे. एवढा आत्मविश्वास मला शोभत नाही.

३० मार्च, सोमवार

आजचं सगळं लिहून ठेवते.

नऊ चाळीसला सगळं थांबलं. नकारही नाही, होकारही नाही. यंत्र विचारतं आणि ताटकळत राहतं. पाच मिनिटांत विभागाचे सगळे फोन वाजायला लागले. डॉक्टरांना कॉम्प्युटर उघडेना, कुणाला कुणाचा नंबर सापडेना. तिसऱ्या मजल्यावर औषधांच्या खोलीबाहेर दोन सिस्टर दार ठोकत उभ्या. साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

मला एकच सुचलं. सगळ्या नोंदी कागदावर छापल्या आणि वीस पानांचा गठ्ठा घेऊन समोर बोर्डबाईंकडे धावले. सगळं हॉस्पिटल आता शून्य फिरवून त्यांनाच विचारत होतं. "हे घ्या, बाई, सगळे नंबर आहेत यात." त्यांनी गठ्ठा घेतला, चहाच्या कपाखाली सरकवला आणि म्हणाल्या, "तुमचं यंत्र पडलंय ना? तुम्ही तिकडे बघा. इथलं मी बघते."

दोन्ही दारं उघडी होती. काम करताना मला त्यांचा आवाज सतत ऐकू येत होता. एका लयीत, जरासुद्धा न चढता. "रक्तपेढी, जोडते. प्रसूती, जोडते. नाही, ते आज शस्त्रक्रियेत असतात, त्यांच्या सहायकांना देते. औषधांच्या खोलीचं दार? त्याची साधी चावी बालरोगच्या मुख्य सिस्टरांकडे असते, दुसरा मजला, थांबा, मीच सांगते त्यांना. जोडते." तो आवाज ऐकून माझं डोकं जागेवर आलं.

उघड्या जोडण्या मोजल्या. एक हजार चोवीस. सर्व्हर एका वेळी जेवढ्या धरू शकतो त्याची मर्यादा बरोबर तेवढीच! टेबलावरचे फोन, कॉम्प्युटर, सगळे एकदा सर्व्हरशी जोडले की सोडतच नाहीत, काम नसलं तरी लाइन धरून बसतात. एकेका कॉम्प्युटरच्या तीन-तीन. काल तीसच यंत्रं होती म्हणून कळलं नाही. रिकाम्या बसलेल्याला किती वेळानं उठवायचं, ते लायब्ररीत ठरवता येतं. मी काही ठरवलंच नव्हतं, म्हणजे कधीच नाही. दोन ओळी लिहिल्या: दोन मिनिटं गप्प बसलास तर बाहेर. सर्व्हर पुन्हा चालू केला. आकडा साडेतीनशेवर येऊन थांबला आणि सगळं धावायला लागलं.

सत्तेचाळीस मिनिटं. तेवढ्या वेळात कुणाचाही जीव धोक्यात आला नाही, कारण समोरच्या खोलीत ती बाई होती. दुपारी जाऊन त्यांचा हात हातात घेतला. तो बर्फासारखा गार होता. "मला वाटलं तुम्ही मजेत होतात," मी म्हटलं. "आवाज मजेत होता," त्या म्हणाल्या.

३१ मार्च, मंगळवार

आज जे पाहिलं ते अजून नीट उमगत नाही.

चार वाजता साहेबांनी सगळ्यांना आमच्या खोलीत जमवलं. अधीक्षकांकडून बोर्डबाईंसाठी पत्र आलं होतं, पाकीट बंद. साहेब घाईत होते, त्यांनी ते फोडून बाईंच्या हातात दिलं. एक सहकारी म्हणाला, "वाचा ना, मोठ्यानं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब काहीतरी बोलायला गेले, पण टाळ्यांत राहिलं.

बाईंनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. कालच्या सत्तेचाळीस मिनिटांत हॉस्पिटल चालू राहिलं याचं श्रेय कुण्या एकाचं नाही. चावी घेऊन दोन जिने धावत चढलेल्या सिस्टरांचं आहे. निरोप पोचवणाऱ्या सफाईवाल्यांचं आहे. आणि कॉम्प्युटर विभागातल्या ताईंचं आहे, ज्यांनी दोन महिने एकेका माणसाची विचारपूस केली. सुरेख पत्र होतं. माझे डोळे भरून आले.

मी त्यांच्या अगदी शेजारी उभी होते. डोळे पुसून कागदाकडे पाहिलं. अधीक्षकांचा शिक्का वरच्या कोपऱ्यात होता, उलटा. खाली तीन ओळी, त्याही उलट्या. बाई अजून वाचतच होत्या.

टाळ्या झाल्या. साहेबांनी पत्र त्यांच्या हातातून अलगद घेतलं, घडी घालून पाकिटात ठेवलं, म्हणाले, "मी फाइलला लावतो." घरी येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. धूळ बसलेलं रजिस्टर. वाचा मोठ्यानं. चप्पल. मी सगळं लिहून ठेवलं होतं. फक्त पाहिलं नव्हतं.

१ एप्रिल, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत गेले, दार लोटून घेतलं.

"बाई, काल तुम्ही जे वाचलंत ते पत्रात नव्हतं."

एक फोन आला, तो बाईंनी जोडून दिला. मग विचारलं, "काय होतं पत्रात?"

"तीन ओळी. आपल्या सेवेची नोंद घेण्यात आली आहे."

"एवढंच? मग माझंच बरं होतं की."

आम्ही दोघी हसलो. हसता हसता त्यांनी हेडफोन काढला आणि पदराने डोळे टिपले. उजेड कळतो, म्हणाल्या. समोर माणूस उभा आहे हे कळतं. चेहरे दीड-दोन वर्षांपूर्वीच गेले. बोर्ड बोटांना पाठ आहे, माणसं कानांना.

"डोळ्यांचे डॉक्टर या इमारतीत आहेत, बाई. एक जिना!"

"आईचं ऑपरेशन झालं होतं. आत पू झाला आणि होतं तेही गेलं. मी सोळा वर्षांची होते, चार वर्षं तिला हाताला धरून फिरवली." मग म्हणाल्या, "आणि इथे दाखवलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या हॉस्पिटलला कळेल. मला माहीत नाही का? सगळ्यांचे फोन मीच जोडते!"

साहेबांना सांगणार का, असं त्यांनी विचारलं. आज नाही, असं मी म्हटलं. परत आल्यावर वर्षभराच्या फोनचा हिशेब मशीनमधून काढला. चुकीच्या जागी जोडून परत आलेला त्यांचा फोन एकही नाही. तरीही मन खात राहिलं. रक्तपेढीचा फोन आहे, खेळ नाही. गप्प बसणं बरोबर की चूक, मला ठरवता येत नाही.

६ एप्रिल, सोमवार

तीन दिवसांत एक छोटा क्लायंट लिहिला. नाव किंवा नंबर टाइप करायचा, तो सर्व्हरला विचारतो आणि आलेली नोंद डाव्या कानात वाचून दाखवतो, टिपेसकट. जुनं बाईंना पाठ आहेच, नवी माणसं आणि बदललेले नंबर आता असे कळतील. बोर्डाच्या कॉम्प्युटरवर घालायला साहेबांची सही लागते. सरावासाठी केलाय, असं काहीबाही सांगितलं.

साहेबांनी न विचारता सही केली. म्हणाले, "आवाजाचा वेग वाढवता येतो ना? हळू बोललेलं त्यांना आवडत नाही." आणि मग, "नेत्रविभागाची नोंद नीट दिसत नाही अशी तक्रार आहे. जाऊन बघून या. बोर्डबाईंनाही बरोबर न्या, त्यांना तो विभाग माहीत नाही म्हणाला होतात ना."

तशी तक्रार माझ्याकडे तर कुणी केलेली नाही. पण निमित्त आयतं मिळालं! नशीब म्हणतात ते हेच.

बाईंनी माझं नाव टाइप करून पहिल्यांदा ते ऐकलं. "ही यंत्रातून बोलणारी बाई कोण? हिला म्हणावं जरा हस." मग शंभर नावं ऐकली, एका दमात, लहान मुलाच्या हौसेनं.

९ एप्रिल, गुरुवार

नेत्रविभागात नेलं. दारात थांबल्या आणि माझं मनगट असं धरलं की अजून वळ आहे.

डॉक्टर तरुण, बडबडे. बाईंचा आवाज ऐकताच उठून उभे राहिले. "तुम्ही! सहा वर्षं रोज बोलतो, भेटलो आज." तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेले, बाकी डोळा उत्तम. एका डोळ्याला वीस मिनिटं लागतील, म्हणाले. बाईंनी आईचं सांगितलं. डॉक्टरांनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "किती वर्षं झाली?"

"एकेचाळीस."

"मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. एवढ्या वर्षांत आम्ही काहीतरी शिकलो असू की, बाई."

बाहेर येऊन त्या बाकावर बसल्या. मी घाई केली नाही. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी यंत्र पडलं तेव्हा घाबरला होतात?"

"फार."

"तरी केलंत ना."

तारीख घेतली.

१६ एप्रिल, गुरुवार

उजवा डोळा झाला. आम्ही दोघं बाहेर बसलो होतो. ह्यांनी यायचा हट्टच धरला, आणि वाट बघताना बाकाचा डुगडुगणारा पाय घट्ट करून टाकला. बावीस मिनिटं लागली. पट्टी बांधून बाहेर आल्या, तोंड वेडंवाकडं करून म्हणाल्या, "चहा." रडायला आलं मला.

सकाळीच साहेबांना सगळं सांगितलं होतं, रजेचा अर्ज द्यायलाच लागणार होता. मला वाटलं आता फैलावर घेतील, इतके दिवस लपवलं म्हणून. ते म्हणाले, "त्यांची जागा त्यांचीच आहे, तोवर तुमचा क्लायंट घेऊन दुसरं कुणी बसेल." आणि पुन्हा कामाला लागले. काही माणसांना आश्चर्यच वाटत नाही कशाचं.

४ मे, सोमवार

आज बाई परत आल्या, दोन्ही डोळे झाले. पट्टी सुटल्यापासून आमचं बोलणं फोनवरच होतं. आधी आमच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"कुणी बोलू नका," म्हणाल्या. "मी शोधते."

आम्ही पाच जण मुकाट उभे. त्यांनी एकेक चेहरा नीट पाहिला, आणि हात पसरून सरळ आमच्यातल्या उंच, सडपातळ सहकारिणीकडे गेल्या. "ताई!"

मला हसू फुटलं. त्या गर्रकन वळल्या. माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, म्हणजे फार वेळ लागला नाही.

"तुम्ही? अगं बाई! आवाज तर चांगला सहा फुटी आहे."

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मग बोर्डावर जाऊन बसल्या. खिडकीबाहेर एक झाड आहे, ते एवढं वाढलंय हे त्यांना माहीत नव्हतं. भिंतीवर डाग आहे, तो कधी पडला म्हणून मला बोलावून विचारलं. चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाच्या हातातून चिठ्ठी अक्षरशः हिसकावून घेतली.

सव्वाअकराला हाडांच्या मोठ्या डॉक्टरांचा फोन, संतापलेले. घरून आलेला त्यांचा फोन धुलाईखात्याला जोडला गेला आणि त्यांच्या पत्नीला चादरींचा आकडा विचारण्यात आला. बोर्डाविरुद्धची इतक्या दिवसांतली पहिली तक्रार. तक्रारी लिहायचं काम माझंच, म्हणून लिहिली. कारणाच्या रकान्यात घातलं: ऑपरेटर झाडाकडे बघत होत्या.

साहेबांनी वाचलं आणि सही केली.